लेसरच्या प्रकाशानें रक्तांतली साखर मोजतां येईल काय?

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या उन्हाळ्यांत मी पुणतांब्यास माझ्या आत्याकडे चार दिवस राहावयास गेलों होतों. गोदावरीच्या कांठचें, चांगदेवांच्या समाधीचें हें गांव; दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिरडीकडे जाणारा फांटा फुटतो तो येथूनच. आत्याचें वय सत्तरीच्या पुढें गेलें आहे. मधुमेह जडून वीस वर्षें झालीं असून ती रोज दोन वेळां इन्सुलिन टोंचून घेते. त्याखेरीज सकाळ-संध्याकाळ बोटाला सुई टोंचावयाची, रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर ठेवावयाचा आणि साखर पाहावयाची, हा तिचा नित्यनेम. तिच्या बोटांचीं टोंकें शिवणकाम करणाऱ्या बाईसारखीं खरखरीत झालीं आहेत. आजीचे हे हाल पाहून पुण्यास नोकरीला असलेल्या तिच्या नातवानें हौसेनें एक मनगटी घड्याळ विकत आणलें. लेसरच्या किरणांनीं, सुई न टोंचतां, रक्तांतली साखर दाखविणारें घड्याळ म्हणून त्याची जाहिरात होती. आत्या खूष झाली. पांच-सहा दिवस तिनें सुईला हातहि लावला नाहीं.

मी गेलों त्याच्या दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास ती देवापुढें निरांजन लावीत असतां तिचे हात थरथरूं लागले. कपाळावर घाम आला. बोलणें अडखळूं लागलें. घड्याळांत पाहावें तों आंकडा १३८! "साखर तर ठीक आहे. उन्हाचा त्रास असेल, जरा पडा," असें कोणीसें म्हणालें. सूनबाईंना मात्र राहवेना. त्यांनीं जुनें यंत्र काढून सासूबाईंच्या बोटाला सुई टोंचली. आंकडा आला ५२. लगोलग पाण्यांत साखर कालवून आत्याला पाजली, आणि पंधरा-वीस मिनिटांत ती सावध झाली. घड्याळावर विसंबून तिला तशीच निजूं दिलें असतें तर काय ओढवलें असतें, ही कल्पनाहि नकोशी वाटते.

रात्रीं अंगणांत बसलों असतां आत्यानें मला एक प्रश्न विचारला. तिचे यजमान साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेंत होते. ती म्हणाली, "अरे, हे कारखान्यांत होते तेव्हां ऊंसाच्या रसांतली साखर उजेडानेंच मोजीत असत. नळी यंत्रांत घातली, डोळा लावला, कीं आंकडा तयार. मग माणसाच्या रक्तांतली साखर उजेडानें कां कळूं नये?"

प्रश्न एखाद्या शास्त्रज्ञाला शोभेल असा होता. त्याचें उत्तर मीं त्या रात्रीं तिला दिलें तें अपुरें होतें. तें जरा नीटपणें द्यावें, म्हणून आजचें हें भाषण.

प्रथम कारखान्यांतील त्या यंत्राकडे वळूं. अहिल्यानगर जिल्हा हा ऊंसाचा मुलूख. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें १९५० सालीं प्रवरेच्या परिसरांत लोणी येथें सहकारी साखर कारखाना सुरू झाला, हें सर्वांस ठाऊक आहेच. अशा प्रत्येक कारखान्याच्या प्रयोगशाळेंत पोलॅरिमीटर नांवाचें यंत्र असतें. प्रकाश ही एक लहर आहे आणि साध्या प्रकाशांत हीं कंपनें सर्व दिशांनीं होत असतात. गजांच्या खिडकींतून दोरी ओंवून ती हलविली, तर उभ्या गजांतून उभीच लहर पलीकडे जाईल, आडवी अडेल. कांहीं विशिष्ट स्फटिक प्रकाशाच्या बाबतींत या गजांचें काम करतात. त्यांतून एकाच दिशेनें कंप पावणारा प्रकाश बाहेर पडतो. त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. १८१५ सालीं बियो या फ्रेंच शास्त्रज्ञास असें आढळून आलें कीं, हा प्रकाश साखरेच्या पाण्यांतून गेला म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा किंचित् वळते. साखर जितकी अधिक, तितकें वळण अधिक. ऊंसाच्या रसांत शेंकडा १५ भाग साखर धरली, तर २० सेंटिमीटर लांबीच्या नळींत हें वळण सुमारें २० अंश भरतें. साध्या डोळ्यांनीं वाचतां यावें इतकें तें ठळक आहे.

रक्तांतील साखर म्हणजे ग्लुकोज. तेंहि प्रकाशाला उजवीकडे वळवितें. म्हणूनच त्याला ‘डेक्स्ट्रोज’ म्हणजे उजवें असें दुसरें नांव पडलें. मग अडचण कोठें आली? पहिली अडचण प्रमाणाची. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तांत उपाशीपोटीं १०० मिलिग्रॅमहून थोडें कमीच ग्लुकोज असतें. प्रौढ माणसाच्या अंगांत रक्त सुमारें ५ लिटर. म्हणजे साऱ्या देहांतील रक्तांत मिळून साखर जेमतेम चहाचा एक चमचाभर! उपाशीपोटींचें प्रमाण १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळूं लागलें कीं मधुमेह समजतात, आणि ७० च्या खालीं गेलें कीं धोका सुरू होतो. एवढ्या चमचाभर साखरेंतील चढउतारांवर हा सारा खेळ आहे. ऊंसाच्या रसाच्या मानानें हें प्रमाण दीडशेंपट कमी. एक सेंटिमीटर अंतरांत तें प्रकाशाला अंशाचा सुमारें पांच-हजारांश भाग वळवितें, असें नव्हे तर अंशाच्या हजार भागांपैकीं सुमारें पांच भाग वळवितें. आणि आपल्याला तर त्यांतलाहि लहानसा फरक ओळखावयाचा आहे.

दुसरी अडचण निवळपणाची. कारखान्यांत रस तसाच यंत्रांत घालीत नाहींत. पूर्वापार पद्धतींत शिशाचा क्षार घालून गाळ खालीं बसवितात आणि निवळ पाणी नळींत भरतात. माणसाची त्वचा अशी कशी निवळावी? ती दुधासारखी आहे. तिच्यांत शिरलेला प्रकाश पेशीपेशींवर आदळून इतस्ततः विखुरतो आणि त्याची शिस्त थोड्याच अंतरांत मोडते. शरीरांत निवळ पाण्याची एकच सोयीची जागा आहे. ती म्हणजे डोळ्याच्या पारदर्शक पटलामागील द्रव. तेथें ध्रुवित प्रकाश पाठवून साखर मोजण्याचे प्रयत्न अनेकांनीं केले. परंतु तें पटलच प्रकाशाची दिशा बदलतें आणि डोळा क्षणभरहि स्थिर राहत नाहीं.

येथें कोणी विचारील, "करोनाच्या सांथींत घरोघर बोटाला चिमटा लावून प्राणवायु मोजीत होते तो कसा?" शंका रास्त आहे. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानें १९७४ च्या सुमारास शोधून काढलेली ती युक्ति. तांबडा आणि अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या अलीकडचा डोळ्यांना न दिसणारा, असे दोन प्रकाश बोटांतून पार पाठवावयाचे आणि कोणता किती गिळला गेला हें पाहावयाचें. परंतु तेथें ज्याची परीक्षा करावयाची तें हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तांत १४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साखरेच्या शेंदीडशेंपट असतें. शिवाय तें रंगीत आहे आणि प्राणवायु मिळतांच त्याचा रंग पालटतो. ग्लुकोजला रंगच नाहीं. चांगदेवांनीं ज्ञानेश्वरांस कोरें पत्र धाडलें, अशी कथा आहे. ग्लुकोज हें शरीरानें धाडलेलें तसलेंच कोरें पत्र होय. तें वाचावयाचें, तर वाचणारा प्रकाशहि तसाच अधिकारी पाहिजे.

तो अधिकारी प्रकाश म्हणजे लेसर. त्याचें बीज आइन्स्टाइन यांच्या १९१७ च्या सिद्धांतांत आहे. प्रत्यक्ष पहिला लेसर मेमन यांनीं १९६० सालीं अमेरिकेंत माणकाच्या कांडीपासून तयार केला. दिव्याचा उजेड म्हणजे जत्रेंतली गर्दी, तर लेसर म्हणजे एका पावलानें चालणारी पलटण. त्यांतल्या साऱ्या लहरी एकाच रंगाच्या, एकाच तालाच्या आणि एकाच दिशेनें जाणाऱ्या. या विद्येंत आपल्या ऊंसाच्या मुलखांतील एका पुरुषाचा वांटा फार मोठा आहे. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि तेथें बेल प्रयोगशाळेंत त्यांनीं १९६४ सालीं कार्बन-डाय-ऑक्साइड वायूचा लेसर निर्माण केला. पोलाद कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत आज तो सर्वत्र वापरांत आहे.

त्याचा साखरेशीं संबंध असा. प्रत्येक पदार्थाच्या रेणूला स्वतःचें असें थरथरणें असतें, आणि त्या थरथरण्याशीं जुळणारा अवरक्त प्रकाश तो रेणु गिळतो. ग्लुकोजच्या ठळक खुणा ९ ते १० मायक्रॉन लांबीच्या लहरींच्या आसपास आढळतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पटेल यांच्या लेसरचे किरण नेमके याच टापूंत, ९ ते ११ मायक्रॉनच्या दरम्यान पडतात. त्यामुळें १९७० च्या दशकांतच जर्मनींत या लेसरनें साखर मोजण्याचा प्रयत्न झाला. आपल्याला जें पत्र कोरें दिसतें, त्यावरचीं अक्षरें या प्रकाशाला दिसतात.

पण येथेंहि पाणी आडवें आलें, आणि तें अक्षरशः! आपल्या शरीराचा बराचसा भाग पाण्याचा आहे, आणि पाणी हा प्रकाश इतक्या अधाशीपणें गिळतें कीं तो त्वचेंत केंसाच्या जाडीइतकाच कसाबसा शिरतो. त्याऐवजीं १ ते २ मायक्रॉनच्या लहरी घेतल्या तर त्या कांहीं मिलिमीटर खोल जातात. परंतु तेथें ग्लुकोजच्या खुणा अंधुक, आणि त्याहि पाणी, चरबी व प्रथिनें यांच्या खुणांखालीं दडलेल्या. ज्या दारानें आंत जातां येतें तेथें वाचतां येत नाहीं, आणि जेथें वाचतां येतें तें दार बंद, अशी ही कोंडी आहे.

या कोंडींतून सुटण्याचे दोन मार्ग विशेष लक्षांत ठेवण्याजोगे आहेत.

पहिला मार्ग ध्वनीचा. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांना १८८० सालीं दिसून आलें कीं, भराभर उघडझाप होणारा प्रकाश पदार्थावर पडला असतां पदार्थांतून सूक्ष्म आवाज निघतो. कारण सोपें आहे. प्रकाश गिळला कीं पदार्थ तापतो, तापला कीं फुगतो, आणि पुन्हां निवतो. हें फुगणें-आकसणें म्हणजेच ध्वनि. लेसरच्या क्षणमात्र झोतांनीं हाच ध्वनि ऐकून द्रवांची परीक्षा करण्याची पद्धति पुढें पटेल व त्यांचे सहकारी टॅम यांनीं १९७९ च्या सुमारास पुष्कळ विकसित केली. या पद्धतीचा लाभ असा कीं, प्रकाश आंत जातांना विखुरला तरी परत येणारा निरोप ध्वनीचा असतो, आणि मांसांतून ध्वनि प्रकाशापेक्षां पुष्कळच कमी विखुरतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०२५ सालीं या ध्वनीला ध्रुवित प्रकाशाची जोड दिली. म्हणजे आत्याच्या यजमानांच्या प्रयोगशाळेंतली जुनीच युक्ति. फक्त डोळ्याच्या जागीं कान आला. द्रावणांवर आणि प्राण्यांच्या मांसाच्या तुकड्यांवर प्रयोग करून त्यांनीं एका निरोगी माणसाच्या जेवणापूर्वींच्या व जेवणानंतरच्या साखरेचाहि मागोवा घेऊन पाहिला. आरंभ आशादायक आहे. पण तो आरंभच आहे. त्यासाठीं लागणारा लेसर अद्याप महाग आणि अवजड असून मनगटावर बांधण्यासारखा नाहीं.

दुसरा मार्ग आपल्या देशाच्या अभिमानाचा. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेंत असें दिसून आलें कीं, पदार्थावर आदळून विखुरलेल्या प्रकाशापैकीं अत्यल्प भागाचा रंग बदललेला असतो, आणि हा बदल त्या पदार्थाच्या रेणूंवर अवलंबून असतो. त्या बदलावरून रेणु ओळखतां येतो. जणु त्याच्या अंगठ्याचा ठसाच! अडचण इतकीच कीं, असा रंग बदललेला कण कोटींत एखादाच. लेसर आल्यामुळें मात्र ही पद्धति व्यवहारांत आली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें या मार्गानें साखर मोजण्याचे प्रयोग अनेक वर्षें चालू आहेत. तेथील आणि सॅमसंगच्या संशोधकांनीं मिळून २०२० सालीं जिवंत डुकरांच्या त्वचेंतून ग्लुकोजचा हा ठसा प्रत्यक्ष टिपल्याचें प्रसिद्ध केलें. रामन यांच्या शोधानंतर ब्याण्णव वर्षांनीं त्याला हें फळ येत आहे.

"मग इतकें सगळें झाल्यावर घोडें कोठें अडलें?" असें आपण म्हणाल. तें अडलें आहे खात्रीपाशीं. बोटावरच्या थेंबाची परीक्षा करणारी पट्टी रसायनाच्या बळावर चालते. तिच्यावर असलेलें एन्झाइम ग्लुकोजशीं कुलूप-किल्लीसारखें जुळतें, आणि त्या क्रियेंतून निघणारी वीज यंत्र मोजतें. पट्टी साखरेला नांवानें हांक मारते. प्रकाशाला मात्र गर्दींतून तिचा चेहरा ओळखावा लागतो. घाम आला, हात गार पडला, पट्टा सैल झाला, बोट जरा अधिक दाबलें गेलें, कीं प्रकाशाच्या मापांत जो फरक पडतो, तो साखरेमुळें पडणाऱ्या फरकाहून कितीतरी मोठा असूं शकतो.

यांतून एक मोठी फसगत संभवते. समजा, एखाद्या माणसाला साखरपाणी पाजून बसविलें. त्याची साखर तासाभरांत चढेल आणि मग उतरेल. त्याच वेळांत बसून बसून त्याच्या हाताची ऊबहि कमीजास्त होईल. यंत्र ती ऊब मोजीत असलें तरी दोन्ही आलेख जुळल्यासारखे दिसतील, आणि शोध लागला असें वाटेल! यासाठीं चोख परीक्षा अशी कीं, दुसऱ्या दिवशीं त्याच माणसाला नुसतें पाणी पाजावें. तेव्हांहि यंत्रानें साखर चढलेली दाखविली, तर तें कांहीं निराळेंच मोजीत आहे हें उघड झालें. या परीक्षेंत टिकेल तेंच खरें यंत्र. बोटांतून रक्त काढून मोजणाऱ्या यंत्रांना २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानें घातलेली अट तर अशी आहे कीं, साखर १०० च्या वर असतां शंभरांपैकीं पंचाण्णव मोजण्या खऱ्या आंकड्याच्या शेंकडा १५ च्या आंत आल्या पाहिजेत, आणि १०० च्या खालीं असतां १५ मिलिग्रॅमच्या आंत. आमच्या घड्याळाची चूक होती ८६ मिलिग्रॅमची.

हा प्रश्न एका आत्याचा नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विद्यमानें झालेल्या आणि २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०२१ मध्यें आपल्या देशांत मधुमेहाचे रोगी सुमारें १० कोटी १० लक्ष होते. इतक्या माणसांना रोज सुई नकोशी वाटणें स्वाभाविक आहे, आणि जेथें इतकी मोठी गरज तेथें खोटें आश्वासन विकणाराहि पोंचतोच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें उघड इशारा दिला कीं, त्वचेला न टोंचतां साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या एकाहि घड्याळास किंवा अंगठीस आपण मान्यता दिलेली नाहीं. यांत एक भेद लक्षांत घ्यावा. दंडावर किंवा पोटावर चिकटविण्याची जी चकती मिळते, तिचा केंसासारखा बारीक तंतु त्वचेखालीं जातो आणि तेथील द्रवांतली साखर रसायनाच्या साहाय्यानेंच मोजतो. ती चकती मोबाइलला किंवा घड्याळाला आंकडा कळविते, तो ग्राह्य. कारण तेथें घड्याळ केवळ पोस्टमन असतें. मात्र या द्रवांतली साखर रक्ताच्या कांहीं मिनिटें मागें असते, हें ध्यानांत ठेवावें.

तेव्हां तूर्त घरांत काय करावें? सुईचें यंत्र टाकूं नये. टोंचण्यापूर्वीं हात साबणानें धुऊन कोरडे करावे. बोटाला लागलेला गूळ वा आंब्याचा रस आंकडा फुगवितो. बोटाच्या अगदीं टोंकावर न टोंचतां कडेला टोंचावें आणि बोटें पाळीपाळीनें बदलावीं. दुखणें कमी होतें. न टोंचणाऱ्या घड्याळाच्या आंकड्यावरून इन्सुलिनची मात्रा कधींहि बदलूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, थरथर, घाम, भोंवळ, बरळणें हीं लक्षणें दिसतांच आंकड्याशीं वाद घालीत बसूं नये. बोटाच्या थेंबानें खात्री करावी, आणि तें तत्काळ शक्य नसेल तर माणूस शुद्धीवर असतां तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहावें. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहीं न घालतां तडक डॉक्टरांकडे न्यावें.

आत्याच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. उजेडानें रक्तांतली साखर कळूं नये असा निसर्गाचा नियम मुळींच नाहीं. ती कळते, प्रयोगशाळेंत कळूं लागलीहि आहे. परंतु प्रयोगशाळेंत कळणें आणि पुणतांब्याच्या माजघरांत, घामेजलेल्या हातावर, दिवेलागणीच्या वेळीं बिनचूक कळणें यांत अंतर आहे, आणि तें अद्याप तोडावयाचें आहे.

परवां आत्याचा फोन आला होता. तें घड्याळ अजून तिच्या हातांत आहे. म्हणाली, "वेळ मात्र अगदीं बरोबर दाखवतें हो. सकाळीं सुई टोंचायची वेळ झाली कीं वाजतें."